विदेशी पक्षी किंवा कासव घरी आणण्याआधी: गावाकडच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

होळी झाली की आठवडी बाजारात, भाजीच्या ओळी संपतात तिथं, एखादी बांबूची दुरडी दिसते. वर ओलं पोतं टाकलेलं. पोतं उचललं की आत पाच-सहा पोपटाची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली. अर्ध्या अंगावर अजून पिसांच्या नळ्याच असतात, चोचीला भिजवलेल्या बेसनाचा लगदा सुकून चिकटलेला असतो. "घेऊन जा न भाऊ, महिनाभरात मिठू-मिठू करते," असं विकणारा म्हणतो आणि लेकरू हट्टाला पेटतं.

त्या दुरडीतलं पिल्लू घेणं गुन्हा आहे. शहरातल्या दुकानात कॉकटेल नावाचा तुरेवाला पक्षी मिळतो, तो घेणं गुन्हा नाही. सन कन्युअर नावाचा पिवळाधमक पोपट घेता येतो, पण नोंदणी करावी लागते. तीन पक्षी, तीन वेगळे नियम, आणि तिन्ही पिंजऱ्यातच दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. पुढच्या पायऱ्या ओळीने केल्या तर वनविभागाची नोटीस येणार नाही, जनावर उन्हाळ्यात मरणार नाही आणि तुमच्या हौसेपायी कुठल्या जंगलातली ढोली रिकामी होणार नाही. "केवढ्याला?" विचारायच्या आधी "जन्मलं कुठं?" हे विचारायची सवय लावून घ्या. बाकी सगळं त्या उत्तरावर ठरतं.

१. देशी की विदेशी, हे आधी ठरवा

आपल्या शेतशिवारात, रानात, तळ्यात जे आपोआप सापडतं ते जवळपास सगळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतं. गळ्यात गुलाबी कंठ असलेला साधा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, लाल मुनिया, तितर, घुबड, घोरपड, मांडूळ, खवल्या मांजर, चांदणीसारखी नक्षी असलेलं कासव, तळ्यातलं मऊ पाठीचं कासव: यातलं काहीही विकत घेता येत नाही, पाळता येत नाही, कुणाला भेट देता येत नाही. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. "आमच्या आजोबाच्या काळापासून घरात पोपट असतो," हे खरं असलं तरी कायद्यापुढे ते उत्तर चालत नाही.

२०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आता अनुसूची, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या याद्या, चार आहेत. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत बाकीचे संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती आणि चौथीत साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जाती. विदेशी पाळीव प्राण्यांचा प्रश्न या चौथ्या अनुसूचीत येतो.

शिक्षा साधारण अशी: सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. दोन कलमं लोकांना माहीत नसतात आणि तिथंच फसगत होते. एक, अंडी काढणं किंवा घरटं उद्ध्वस्त करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. दोन, कलम ५७ प्रमाणे असा प्राणी तुमच्या ताब्यात सापडला तर तो बेकायदा ठेवलाय असंच धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

वादळात झाडाखाली पिल्लू पडलेलं सापडलं तर? जमलं तर जवळच्या फांदीवर किंवा ढोलीत परत ठेवा, आई-बाप बहुतेक वेळा परत येतात. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधार करून ठेवा आणि वनविभागाला किंवा पोलिस ठाण्याला कळवा. कायद्यात त्यासाठी ४८ तास आहेत, पण त्याच दिवशी फोन केलेला बरा.

मांडुळाबद्दल एवढंच: याला दुतोंड्या म्हणतात, त्याने गुप्तधन सापडतं म्हणून लाखांचे सौदे होतात. गुप्तधन कुणाला सापडत नाही. त्या सौद्यात एकतर तुमचा पैसा जातो किंवा तुम्ही कोठडीत जाता.

२. जातीचं नेमकं नाव काढा

दुकानातलं नाव आणि खरं नाव यात फार अंतर असतं. आपल्याकडे सगळेजण ज्याला "लव्हबर्ड" म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतं: ऑस्ट्रेलियातलं, जेमतेम वीतभर लांबीचं, पाठीवर नागमोडी रेषांचं. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा.

हे नाव महत्त्वाचं अशासाठी की साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे यादीच्या दुसऱ्या भागात, जवळजवळ सगळे पोपट आहेत, त्यातून फक्त चार जाती वगळल्या आहेत: बजरीगर, कॉकटेल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट. पहिल्या तिघांना चौथ्या अनुसूचीची नोंदणी लागत नाही. आपला कंठवाला पोपट मात्र देशी असल्यामुळे दुसऱ्या अनुसूचीत अडकतो, तो पाळायचाच नाही. पिंजऱ्यात शेजारी बसलेला, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला लव्हबर्ड दुसऱ्या जातीचा. त्याला नोंदणी लागते. दोघांची किंमत थोड्याफार फरकाने सारखी, त्यामुळे दुकानदार सांगत नाही.

असाच फसवणारा पक्षी म्हणजे जावा, करड्या अंगाची गुलाबी चोचीची चिमणी. साधी वाटते, पण साइटीसच्या यादीत आहे. त्याच पिंजऱ्यातली झेब्रा फिंच यादीत नाही. कन्युअर, मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे, इग्वाना, बॉल पायथन हे सगळे यादीत आहेत. आफ्रिकन ग्रे तर पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे.

करायचं काय: शास्त्रीय नाव विचारा, बिलावर लिहून घ्या आणि घेण्याआधी साइटीसच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते टाकून पाहा. दुकानदाराला शास्त्रीय नाव सांगता येत नसेल तर त्या दिवशी काही घेऊ नका.

रंगाचा धंदाही होतो. साध्या पोपटाच्या पिल्लाच्या खांद्यावर लाल रंग लावून पहाडी म्हणून विकतात, मुनिया हिरवी-पिवळी रंगवून "नवीन जात" म्हणून खपवतात. ओल्या कापसाच्या बोळ्याने पिसावर हलकेच पुसा. कापसाला रंग लागला तर तिथून निघा.

३. जन्मलं कुठं?

जगभरच्या या व्यापारातली खरी अडचण इथं आहे. आफ्रिकन ग्रे पोपट हुबेहूब माणसासारखा बोलतो, म्हणून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातून दशकानुदशकं पकडून नेला गेला. घाना देशात १९९० च्या दशकापासून त्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली. अखेर २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत साइटीसने त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्याचा व्यापारी सौदा बंद. आपल्या चांदणी कासवाचं तेच झालं. लहान, देखणं, खिशात मावणारं, म्हणून पोत्यांनी परदेशात गेलं आणि २०१९ मध्ये त्यालाही पहिल्या परिशिष्टात न्यावं लागलं.

पोपटाच्या बाबतीत नुकसान एका पिल्लापुरतं राहत नाही. पोपट स्वतः ढोली कोरत नाही म्हटलं तरी चालेल. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा कुजून झालेली ढोली तो वापरतो. जुन्या आंब्याला, मोहाला, हलद्याला अशा ढोल्या मोजक्याच असतात आणि तीच जोडी तिथं वर्षानुवर्षं येते. पिल्लं काढणारा हात आत जात नाही म्हणून कुऱ्हाडीने तोंड मोठं करतो किंवा फांदीच तोडतो. मग ती ढोली पुढच्या वर्षीही कामाची राहत नाही. एका दुरडीसाठी झाडं बाद होतात, आणि दुरडीतली बरीच पिल्लं लवकरच मरतात ती वेगळी.

रानातून काढणं म्हणजे नाशच, असं मात्र नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीवर बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले लोक कार्डिनल टेट्रा हा छोटा लाल-निळा मासा हातजाळ्याने धरून जगभरच्या काचपेट्यांसाठी विकतात. पाणी आटलं की हे मासे तसेही मोठ्या संख्येने मरतात, आणि माशावर पोट असल्यामुळे गावकरी नदीकाठचं जंगल तोडू देत नाहीत. आपल्याला हे समजायला अवघड नाही. तेंदूपत्ता कोवळा असताना, ठरलेल्या दिवसांत तोडला तर झुडूप पुढच्या वर्षी पुन्हा पान देतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू किती तोडायचा याचा हिशेब ग्रामसभेच्या हातात घेतला. काढणारा तिथंच राहत असेल, मोजून काढत असेल आणि उरलेलं राखायचा हक्क त्याच्याकडे असेल तर व्यापार टिकतो. बाजारातल्या दुरडीमागे यातलं काहीच नसतं.

म्हणून नवख्याने फक्त पिंजऱ्यात, पाळलेल्या जोडीपासून जन्मलेलंच घ्यावं. ते ओळखायचं कसं?

पायातली कडी बघा. पक्षी हातात धरायला सांगा आणि पाय उजेडात घ्या. बंद कडी म्हणजे ॲल्युमिनियमचं अखंड गोल वळं. कुठंही जोड नाही, नखाने फिरवलं तरी फट लागत नाही. ती पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना, पाऊल मऊ आणि बारीक असतानाच चढवता येते. पाऊल वाढलं की ना चढत ना उतरत. म्हणून बंद कडी हा पिंजऱ्यात जन्मल्याचा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा. तिच्यावर वर्ष, पाळणाऱ्याची खूण आणि क्रमांक कोरलेला असतो. उघडी कडी मात्र पक्कडीने कधीही, कुठल्याही वयाच्या पक्ष्याला लावता येते. तिला बारीक चीर असते. "कडी हाय न साहेब" म्हटल्यावर लोक चीर बघायची विसरतात. कडी ढिली असेल, बोटांवरून निसटेल एवढी मोठी असेल, तरी ती नंतर घातलेली समजा.

रानातून पकडलेला मोठा पक्षी हाताची चाहूल लागताच पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर आदळतो. चोचीच्या वर, नाकापाशी जाळीवर घासून जखम झालेली असते, शेपटी मोडलेली असते. कधी पिसांना सरस चिकटलेला असतो.

आयात केलेला प्राणी असेल तर साइटीस परवान्याची प्रत मागा. त्यात उगमाचं एक अक्षर असतं: 'सी' म्हणजे पाळलेल्या जोडीपासून जन्मलेला, 'एफ' म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला पण त्या अटींत न बसणारा, 'डब्ल्यू' म्हणजे रानातून पकडलेला. परवाना कधीचा, किती नगांचा आणि कुणाच्या नावावर, हेही वाचा. चोरटी आयात म्यानमारच्या बाजूने मिझोराममार्गे आणि बँकॉकहून विमानाने येणाऱ्या सामानातून होते, हे वारंवारच्या जप्त्यांमधून उघड झालंय. एप्रिल २०२२ मध्ये बंगालच्या जलपाईगुडी भागात रस्त्यावर कांगारू फिरताना सापडले, तेही असेच कुणीतरी आणलेले.

४. विकणारा आणि कागद

पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. भिंतीकडे बघा, नसेल तर विचारा.

हातात पडायला हवेत ते कागद:

- पक्कं बिल: शास्त्रीय नाव, कडीचा क्रमांक, रंग, अंदाजे वय, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सही
- चौथ्या अनुसूचीतली जात असेल तर विकणाऱ्याच्या नावावरच्या नोंदणीची प्रत
- आई-बाप कुणाचे, याचा लेखी उल्लेख, किंवा आयातीचा परवाना
- पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र
- प्राण्याचे चारही बाजूंनी फोटो, एक फोटो कडीचा जवळून

"कागद मागून पाठवतो" हे वाक्य ऐकलं की पैसे खिशात ठेवा. कागद मागून येत नाहीत.

मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये "घर बदलतोय, चांगल्या हातात द्यायचाय" अशा जाहिराती असतात. आधी थोडे पैसे वाहतुकीचे म्हणून मागतात, मग विम्याचे, मग परवान्याचे. पक्षी कधीच येत नाही. आला तर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, भोकं पाडलेल्या खोक्यात, अर्धमेला. स्वतः जाऊन, दिवसाउजेडी, प्राणी खाताना बघून घ्या. पंख न फुटलेलं, हाताने भरवावं लागणारं पिल्लू स्वस्त मिळालं तरी नवख्याने घेऊ नये. खाणं जरा गरम झालं की पिल्लाची अन्ननलिका भाजते, थंड झालं की ते पोटात सडतं.

५. प्राणी आणण्याआधी घर तयार करा

आपल्याकडचा, विदर्भातला मे महिना ४५ अंशांवर जातो. पुण्या-मुंबईचा सल्ला इथं उपयोगाचा नाही.

जागा: पत्र्याची खोली पूर्ण बाद. कौलारू घर किंवा स्लॅब असेल तर पूर्वेकडची, दुपारी ऊन न येणारी भिंत धरा. बजरीगरच्या जोडीला किमान दोन फूट लांब पिंजरा, कॉकटेलच्या जोडीला तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच. लांबी महत्त्वाची, पक्षी आडवा उडतो, उभा नाही. जाळीची फट अर्धा इंच. याहून मोठी असेल तर रात्री धामण किंवा नाग आत शिरतो, आणि पक्षी गिळून फुगला की बाहेर निघत नाही, सकाळी पिंजऱ्यात तोच सापडतो. नवी जस्ताची जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. पक्षी जाळी चावतो आणि वरचा जस्ताचा चुरा विषारी असतो.

ऊन: कूलर चालतो, पण झोत सरळ पिंजऱ्यावर नको. लाइट गेली की वाऱ्याच्या बाजूला ओलं पोतं किंवा वाळ्याचा पडदा टांगा, मागची बाजू मोकळी ठेवा. चारी बाजूंनी झाकलं तर आत वाफ कोंडते. पाणी दिवसातून तीनदा बदला, मातीच्या भांड्यात ठेवा. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले आणि पक्षी तळाशी उतरलेला दिसला तर त्याला ऊन लागलंय. सावलीत न्या, साध्या पाण्याने पाय आणि पंखाखालची जागा ओली करा, चोचीजवळ पाण्याचे थेंब द्या. बर्फाचं पाणी ओतू नका, धक्क्याने मरतो.

धूर: पक्ष्याचं फुप्फुस आपल्यापेक्षा फार नाजूक. चूल पेटते त्या खोलीत, मच्छर अगरबत्ती लावतात त्या खोलीत पिंजरा नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्याच्या वाफेनेही पक्षी काही मिनिटांत मरतो.

खाणं: राळा, बाजरी, थोडी भिजवलेली ज्वारी, शेवग्याचा पाला, मेथी, गाजराचा कीस. सूर्यफुलाच्या बिया चिमूटभरच, त्याने चरबी चढते. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगा. चहा, चॉकलेट, मीठ घातलेलं काहीही देऊ नका. कपाशीच्या पट्ट्यात एक गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते, ती म्हणजे फवारणी. जुलै ते ऑक्टोबर शिवारातला पाला, बांधावरचं गवत पक्ष्याला आणू नका. घरात उरलेलं लाल-निळ्या रंगाचं बियाणं म्हणजे बीजप्रक्रिया केलेलं; त्याचे चार दाणेही पुरतात. फवारून आलेल्या कपड्यांनी, हात न धुता पिंजऱ्यात हात घालू नका.

डॉक्टर: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-बैल-शेळीचा अनुभव दांडगा असतो, पक्ष्याचा असेलच असं नाही. आणण्याआधी एकदा जाऊन विचारून या. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची संस्था तुमच्यापासून किती तासांवर आहे, हे आधीच काढून ठेवा.

आयुष्य: बजरीगर पाच ते आठ वर्षं, कॉकटेल पंधरा-वीस, कन्युअर पंचवीसच्या आसपास, मकाव पन्नासच्या पुढे. मकाव घेणारा माणूस आपल्या नातवाला तो सोपवून जातो. गावात मकाव आणि ग्रे पोपट आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना माणसाची दिवसभर संगत लागते. पेरणी-कापणीच्या दिवसांत ती मिळत नाही आणि मग तो पक्षी स्वतःचीच पिसं उपटत बसतो.

लाल कानाचं कासव, म्हणजे शहरात प्लॅस्टिकच्या डबीत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं दिसणारं हिरवं पिल्लू, हेही नको. मादी नऊ-दहा इंचांची होते. कवचाच्या एका इंचाला चाळीस लिटर पाणी धरा, म्हणजे चारशे लिटरची टाकी, गाळणी, उबेचा दिवा आणि अतिनील किरणांचा वेगळा दिवा. हे वीस-तीस वर्षं.

६. पहिले तीस दिवस वेगळं ठेवा

घरात आधीच कोंबड्या किंवा पक्षी असतील तर नव्या पक्ष्याला तीस दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, झाडू वेगळा, आधी जुन्यांचं काम आणि मग नव्याचं. हिरवट पातळ विष्ठा, डोळ्याला पाणी, फुगून बसणं दिसलं की विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टरकडे जा. पोपटाचा एक ताप माणसालाही होतो, न्यूमोनियासारखा. खोकला आला तर तुमच्या डॉक्टरला घरात पक्षी आहे हे सांगा.

बर्ड फ्लूला हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट या रोगाने मेले. आजारी पक्षी परसात आला तर आधी आपल्या कोंबड्या जातात.

७. नोंदणी: तीस दिवसांच्या आत

चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. आधीपासून ज्यांच्याकडे प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते, ते संपले. आता प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. वेगळं ठेवण्याचे तीस दिवस आणि हे तीस दिवस एकत्रच चालतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा.

अर्ज परिवेश २.० या केंद्र सरकारच्या पोर्टलवर होतो आणि मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्राचं ते कार्यालय नागपुरातच आहे, ही विदर्भातल्या माणसाची सोय. शुल्क एक हजार रुपये, परत मिळत नाही.

भरताना जवळ ठेवा: आधार, पत्त्याचा पुरावा, पायरी ४ मधले सगळे कागद, पिंजऱ्याचा आणि जागेचा फोटो, प्राण्याचे फोटो.

सेवा केंद्रातून अर्ज भरणार असाल तर एक काळजी घ्या: खातं तुमच्या मोबाइल नंबरावर आणि तुमच्या ई-मेलवरच उघडायला सांगा. केंद्रवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढे प्राणी मेला, पिल्लं झाली, की तुम्हाला स्वतःच्या खात्यात शिरता येत नाही. पासवर्ड वहीत लिहून घ्या, अर्जाचा क्रमांक आणि शुल्काची पावती छापून घ्या.

जात एका ठिकाणी एक आणि बिलावर दुसरी, असं झालं की अर्ज अडकतो. "लव्हबर्ड" एवढंच लिहू नका, पूर्ण शास्त्रीय नाव टाका.

८. पिल्लं, मृत्यू, दुसऱ्याला देणं

नोंदणी एकदाच करून सुटका नाही. पिल्लं झाली, प्राणी मेला, विकला किंवा नुसता भाच्याला दिला, तरी पोर्टलवर कळवायचं. त्याच आठवड्यात कळवा. मेलेला प्राणी लगेच पुरू नका. फोटो घ्या, कडी दिसू द्या, पशुवैद्यकाकडून मृत्यूचा कागद घ्या. कडी काढून दुसऱ्या पक्ष्याला वापरणं हा या धंद्यातला जुना डाव आहे, त्यात तुमचं नाव अडकू नये.

जोडधंदा म्हणून पक्षी वाढवायचे असतील तर बजरीगर, कॉकटेल, झेब्रा फिंच यांच्यापासून सुरुवात करा. पहिल्या परिशिष्टातल्या जातींची पैदास करायला वेगळा परवाना लागतो. वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा मादीला अंड्यावर बसवू नका, हाडं ठिसूळ होतात आणि अंडं अडकून मरते. पिल्लांना आठव्या-दहाव्या दिवशी बंद कडी घाला आणि वहीत आई-बाप लिहा. ती वही असेल तर पुढचा घेणारा "जन्मलं कुठं?" विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल.

९. कंटाळा आला तरी सोडू नका

विदेशी प्राणी तळ्यात किंवा रानात सोडणं म्हणजे सुटका नाही. बजरीगर पहिल्याच दिवशी शिक्र्याच्या तोंडी जातो. कासवाचं उलट: ते जगतं, आणि तीच पंचाईत. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कमळ, मासळी, देशी कासवं यांचं एक जुनं जमलेलं गणित आहे. त्यात लाल कानाचं कासव पडलं की ते ऊन खाण्याच्या जागा बळकावतं, खाणं खातं, रोग आणतं. काचपेटीतला काळा चिटकू मासा, ज्याला सकर म्हणतात, तोही असाच: तळ्यात वाढतो, जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. ढिवर बांधवांच्या पोटावर हा थेट घाला आहे. काचपेटीचं पाणीसुद्धा नाल्यात ओतू नका, झाडाला घाला.

नको असेल तर नोंद करून दुसऱ्या नोंदणीकृत पाळणाऱ्याला द्या, किंवा वनविभागाशी बोला.

१०. घरात आधीच देशी पोपट असेल तर

बऱ्याच घरांत आहे. घाबरून रात्री उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला उडायला बळ नसतं, मांजर किंवा कावळे त्याला संपवतात. असा पोपट वनविभागाकडे स्वतःहून जमा करता येतो. भरपाई मिळत नाही. जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जा, किती वर्षांपासून आहे ते खरं सांगा, जमा केल्याची लेखी पोच घ्या. नागपूरजवळ असाल तर सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे; तिथं अशा पक्ष्यांची तपासणी होते आणि उडण्याजोगे झाले की सोडतात. नेताना पिंजरा झाकून, दुपार टाळून, थेट न्या. वाटेत दोन ठिकाणी दाखवत फिरू नका.

११. बाजारात दुरडी दिसली तर

"बिचारं मरेल, आपण घेऊन सोडून देऊ" म्हणून विकत घेऊ नका. विकणाऱ्याला तो सौदाच असतो; पुढच्या बाजारी तेवढ्याच पिल्लांसाठी आणखी ढोल्या फोडल्या जातात.

वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. सांगताना एवढं असावं: गाव आणि बाजाराचा दिवस, बाजारातली नेमकी जागा, किती पिल्लं आणि कुठली, माणूस कशाने आला, गाडी असेल तर क्रमांक. लांबून एखादा फोटो मिळाला तर घ्या, वाद घालू नका, पाठलाग करू नका. दुपारी दोननंतर अशी दुरडी बहुतेक दुसऱ्या गावाच्या बसमध्ये चढलेली असते, म्हणून दिसली की आधी फोन करा, बाजार नंतर.